‘फक्त ९९ रुपये महिना’: स्वतःची वेबसाइट खरंच कितीला पडते

स्वतःची वेबसाइट काढायची असं मनात आलं आणि जरा शोधाशोध केली की लगेच जाहिराती मागे लागतात, होस्टिंग फक्त ९९ रुपये महिना, डोमेन फ्री, एसएसएल फ्री, ईमेल फ्री. (होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, डोमेन म्हणजे साइटचा पत्ता.) कविता लिहिणारे, ट्रेकिंगचे फोटो टाकणारे, शिकवण्या घेणारे, नुकतेच रिटायर होऊन आठवणी लिहायला बसलेले, सगळ्यांनाच वाटतं की चला एवढ्यात होतंय तर करून टाकू. करावंच असं माझं ठाम मत आहे, स्वतःच्या नावाची जागा इंटरनेटवर असणं ही फार चांगली गोष्ट आहे. पण ते ९९ रुपये नेमके कसले आहेत हे आधी समजून घेऊया, कारण बहुतेक साइट्स बंद पडतात त्या बनवायला पैसे नव्हते म्हणून नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येणाऱ्या बिलांचा आणि कामाचा अंदाजच नव्हता म्हणून.

आधी हिशोब करू. ९९ रुपये महिना हा भाव बहुतेक ठिकाणी तुम्ही चार वर्षांचे पैसे एकदम भरलेत तरच मिळतो. म्हणजे ९९ गुणिले ४८, झाले ४७५२. त्यावर १८ टक्के जीएसटी, जो जाहिरातीत धरलेला नसतो, की झाले ५६०७ रुपये, आणि हे आजच्या आज द्यायचे. ठीक आहे, चार वर्षांसाठी हेही महाग नाही. खरी गोष्ट चार वर्षांनी होते. तेव्हा रिन्यूअलचा भाव लागतो आणि तो पहिल्या भावाच्या तिप्पट-चौपट असू शकतो. समजा ३९९ रुपये महिना झाला तर वर्षाचे ४७८८ आणि जीएसटी धरून ५६५०. म्हणजे आधी जेवढ्यात चार वर्षं काढलीत तेवढे पैसे आता दरवर्षी. हे आकडे उदाहरण म्हणून घेतलेत, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतील, पण घडण हीच असते आणि रिन्यूअलचा भाव त्याच पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलाही असतो. तो आधी वाचायचा. मी तर म्हणते की पहिल्या वर्षाचा भाव बघूच नका, पाच वर्षांचा एकूण खर्च काढा आणि पाचाने भागा, तो तुमच्या साइटचा खरा भाव.

डोमेन कधीच विकत मिळत नाही

आपण म्हणतो ‘डोमेन विकत घेतलं’ पण ते वर्षाच्या बोलीवर भाड्याने घेतलेलं असतं, जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं एकदम भरता येतं. डॉट कॉमचं उदाहरण घेऊ. डॉट कॉमची मुख्य नोंदवही व्हेरिसाइन नावाची अमेरिकन कंपनी सांभाळते, आयकॅन ही संस्था नियम ठरवते, आणि आपण ज्यांच्याकडून घेतो ते रजिस्ट्रार, म्हणजे किरकोळ विक्रेते. व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून एका डोमेनमागे वर्षाला जो घाऊक भाव घेते तो २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर होता, मग सलग चार वर्षं जवळपास सात-सात टक्क्यांनी वाढत सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. त्याच काळात डॉलर ७३-७४ रुपयांवरून ८३-८४ वर गेला. म्हणजे आपल्याला वाढ दोन्हीकडून लागली, वर रजिस्ट्रारचा नफा आणि जीएसटी आहेच. यात कोणी फसवलेलं नाही, कराराप्रमाणे झालेली वाढ आहे, पण ‘डोमेन काय, पाचशे रुपयांत मिळतं’ असं ज्यांच्या डोक्यात जुनं बसलंय त्यांना धक्का बसतो.

यापेक्षा जास्त सांभाळायचं ते नवीन विस्तारांकडून. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट एक्सवायझेड असले विस्तार पहिल्या वर्षी अगदी शंभर-दीडशेत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या कितीतरी पट मागतात. डॉट एआय तर कमीत कमी दोन वर्षांचंच घ्यावं लागतं आणि मुळातच महाग आहे. आणि ‘फुकट डोमेन’ हा प्रकारच संपत आला, डॉट टीके वगैरे फुकट देणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवीन नोंदणी थांबवली आणि २०२४ मध्ये धंदाच सोडला, त्यावर साइट उभ्या केलेल्या लोकांची पंचाईत झाली.

आपल्या माणसांसाठी डॉट इन हा मला सगळ्यात समजूतदार पर्याय वाटतो. त्याची नोंदवही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, यांच्याकडे आहे, रुपयात भाव मिळतो आणि तो परदेशी विस्तारांच्या मानाने आटोक्यात असतो. देवनागरीत डॉट भारतही २०१४ पासून मिळतं, दिसायला सुंदर दिसतं, पण लोकांना तो पत्ता टाइप करायला सांगा आणि बघा, शिवाय काही फॉर्म आणि ईमेलच्या सिस्टिम अजून तो पत्ता नीट घेत नाहीत, म्हणून एकटं तेच घेऊन बसू नका.

आता रिन्यूअल चुकलं तर काय होतं ते सांगते कारण सगळ्यात महाग पडणारी गोष्ट हीच आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्रारला जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते, त्यात बहुतेकजण नेहमीच्या भावाने रिन्यू करून देतात, पण ती सवलत पूर्ण तुम्हाला मिळेलच असं नाही, काही रजिस्ट्रार त्याआधीच नाव लिलावात टाकतात. त्यानंतर डोमेन रिडेम्प्शनमध्ये जातं, ३० दिवस, आणि तेव्हा सोडवायचं तर वेगळा दंड भरावा लागतो जो कित्येक हजारांत जातो. त्यानंतर पाच दिवस कोणीच काही करू शकत नाही आणि मग नाव बाजारात मोकळं. ही नावं उचलायला सॉफ्टवेअर टपून बसलेली असतात, चांगलं किंवा जुनं नाव असेल तर काही सेकंदात जातं.

तुम्ही म्हणाल ऑटो-रिन्यू लावून ठेवलंय. भारतीय कार्डावर त्याच्या भरवशावर राहू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून दरवेळी आपोआप पैसे कापायला ई-मँडेट, म्हणजे आपण आधी देऊन ठेवलेली परवानगी, लागतं, कापायच्या २४ तास आधी कळवावं लागतं आणि ठरावीक रकमेच्या वर असेल तर ओटीपी लागतो, ती मर्यादा आधी ५००० होती, जून २०२२ मध्ये १५००० केली. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. पण बऱ्याच परदेशी कंपन्यांची सिस्टिम त्यात बसत नाही, पेमेंट गुपचूप फेल होतं, आणि त्याचा मेल जातो तो आपण वर्षानुवर्षं न उघडलेल्या ईमेलवर. वर परदेशी पेमेंटला बँक दोन ते साडेतीन टक्के चार्ज लावते आणि त्या चार्जवर जीएसटी, तो वेगळाच. त्यामुळे साधा उपाय असा की डोमेन एका वर्षाऐवजी तीन किंवा पाच वर्षांचं एकदम भरा, आणि मुदतीच्या तारखेची आठवण स्वतःच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये एक महिना आधीची लावा.

आणि आता मला जे सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते. डोमेन तुमच्या नावावर आहे का ते आज तपासा. आपल्याकडे साइट बनवायचं काम ओळखीतल्या कोणाला तरी दिलं जातं, कोणाचा तरी भाचा, क्लासमधला हुशार मुलगा, सोसायटीतला आयटीवाला. तो मनापासून बनवून देतो, पण डोमेन स्वतःच्याच अकाउंटमधून घेतो, स्वतःचा ईमेल टाकतो, कारण तेव्हा ते सोपं पडतं. मग त्याला पुण्यातून बंगळुरूला नोकरी लागते, लग्न होतं, नंबर बदलतो. आणि तुमच्याकडे पैसे असूनही तुम्ही रिन्यू करू शकत नाही कारण कागदोपत्री ते तुमचं नाहीच. डोमेन म्हणजे सातबारा आहे, जमीन कोण कसतंय याला महत्त्व नाही, उताऱ्यावर नाव कोणाचं आहे ते बघितलं जातं. म्हणून अकाउंट तुमच्या ईमेलने उघडा, पासवर्ड तुमच्याकडे, ओटीपी तुमच्या फोनवर, आणि बनवणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्या. या एका गोष्टीला शून्य रुपये लागतात आणि ती केली नाही तर बाकीचा सगळा खर्च वाया जाऊ शकतो.

डोमेन घेतल्यावर काही दिवस ‘सर, वेबसाइट बनवायची आहे का, लोगो करून देऊ का’ असे फोन येऊ शकतात, तुमची माहिती नोंदणीतून उचललेली असते. जिथे प्रायव्हसी, म्हणजे नोंदणीतली तुमची माहिती लपवायची सोय, फुकट मिळते तिथे ती चालू करा. आणि सरकारी वाटणाऱ्या भाषेत ‘तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, ताबडतोब भरा’ असे मेल येतात, ते बऱ्याचदा तुमच्या रजिस्ट्रारचे नसतातच. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या साइटवर स्वतः जाऊनच पैसे भरायचे, मेलमधल्या लिंकवरून नाही.

‘अनलिमिटेड’ आणि ‘फ्री’ यांचा अर्थ

होस्टिंग म्हणजे तुमची साइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते त्याचं भाडं. स्वस्त प्लॅनमध्ये एका सर्व्हरवर शेकडो साइट्स असतात. ‘अनलिमिटेड स्पेस’ लिहिलेलं असलं तरी फाइल्सच्या संख्येवर मर्यादा असते, तिला आयनोड मर्यादा म्हणतात, आणि प्रोसेसर किती वापरायचा यावरही असते. वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर, टाकलं की नुसत्या त्याच्याच हजारो फाइल्स होतात, प्रत्येक फोटोचे ते पाच-सहा आकार बनवून ठेवतं, मग किल्ल्यांचे दोन हजार फोटो टाकले की जागा शिल्लक असूनही ‘मर्यादा संपली, प्लॅन वाढवा’ असा मेल येतो.

एसएसएल, म्हणजे साइट आणि वाचक यांच्यातली माहिती कुलूपबंद ठेवणारं सर्टिफिकेट, यासाठी स्वतंत्र पैसे भरू नका. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ च्या अखेरीपासून हे सर्टिफिकेट फुकट देते आणि वैयक्तिक साइटला ते पुरेसं आहे. तरी काही ठिकाणी वर्षाला दोन-तीन हजार घेऊन तेच काम विकलं जातं किंवा फुकटचं चालू करायची सोयच दिलेली नसते, अशी जागा टाळा. सर्टिफिकेटांची मुदतही आता कमी कमी होत चालली आहे, मार्च २०२९ पर्यंत ती कमाल ४७ दिवसांवर येणार असं ठरलंय, म्हणजे हाताने नूतनीकरण करणं अशक्यच होईल, आपोआप होणारी सोय होस्टिंगमध्ये असलीच पाहिजे.

बॅकअपचं तर विचारूच नका. बऱ्याच स्वस्त प्लॅनमध्ये बॅकअप घेतला जातो पण परत मिळवायचे पैसे पडतात, किंवा आठवड्याचा एकच बॅकअप असतो आणि साइट हॅक झालेली तुम्हाला पंधरा दिवसांनी कळते, तोपर्यंत बॅकअपही हॅक झालेल्या साइटचाच. महिन्यातून एकदा पूर्ण कॉपी स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची.

वर्डप्रेस स्वतः फुकट आहे आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट्स त्यावर चालतात, त्यामुळे तेच सगळ्यात जास्त हल्ले खातं. त्यात प्लगइन, म्हणजे जास्तीच्या सोयींची जोड-सॉफ्टवेअर, टाकायचे असतात, फॉर्मसाठी एक, गॅलरीसाठी एक, स्पीडसाठी एक. सुरुवातीला सगळे फुकट, मग नेमकी हवी ती गोष्ट प्रो मध्ये असते, आणि प्रो म्हणजे दरवर्षी चाळीस-पन्नास डॉलर, प्रत्येकी. असे तीन झाले की होस्टिंगपेक्षा प्लगइन महाग. कधी प्लगइन बनवणाराच काम सोडून देतो. त्यातच पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती, तिच्या आवृत्त्या जुन्या होत जातात, ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ ला संपला, ८.० चा नोव्हेंबर २०२३ ला, मग होस्टिंगवाला नवीन आवृत्ती लावतो आणि तुमची जुनी थीम पांढरं पान दाखवायला लागते. तेव्हा कोणाला तरी बोलवावं लागतं आणि तो एका बैठकीचे दोन-पाच हजार घेतो, आणि ते योग्यच आहे, काम किचकट असतं.

मराठीत साइट असली की आणखी काही

हे भाग इंग्रजीतल्या मार्गदर्शकांमध्ये सापडत नाहीत म्हणून थोडं थांबून सांगते.

तुमचं जुनं लिखाण श्री-लिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, दिवाळी अंकांना पाठवलेले लेख, डीटीपीवाल्याकडून आलेल्या फाइल्स, तर ते तसंच्या तसं वेबसाइटवर टाकता येत नाही, वेगळीच चिन्हं दिसतात, कारण ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना समजणाऱ्या सामायिक अक्षरव्यवस्थेत, नसतं. कन्व्हर्टर मिळतात, काही फुकटही आहेत, पण रफार, जोडाक्षरं, पोटफोड्या ष, इथे चुका राहतात आणि शेवटी ओळन् ओळ वाचून मुद्रितशोधन करावंच लागतं. दीडशे कविता असतील तर जमेल. तीन कादंबऱ्या असतील तर ते सगळ्यात मोठं बिल आहे हे आधीच धरून चाला, मग पैशात द्या नाहीतर स्वतःच्या संध्याकाळी द्या.

दुसरं पानांच्या पत्त्यांचं. वर्डप्रेस लेखाच्या मराठी शीर्षकावरून पत्ता बनवतं, पण आत साठवताना देवनागरीचं एक अक्षर टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ खुणांचं होतं आणि एकूण मर्यादा आहे २०० ची. म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या मोजून जेमतेम २२ खुणा, पुढचं कापलं जातं. आणि ती लिंक व्हॉट्सअपवर टाकली की बऱ्याचदा टक्के-टक्केवाली लांबलचक ओळ दिसते जिच्यावर दाबायला लोक घाबरतात. पहिल्या दिवसापासून पत्ते रोमन लिपीत आणि छोटे ठेवा. नंतर बदलायचे म्हटले तर जुनी प्रत्येक लिंक नव्याकडे वळवत बसावं लागतं.

तिसरं फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेले मुक्ता आणि बलू खुल्या परवान्याचे आहेत, फुकट वापरता येतात आणि देखणे आहेत. पण पुस्तकासाठी विकत घेतलेला एखादा फॉन्ट वेबसाइटवर वापरायचा परवाना बहुधा वेगळा घ्यावा लागतो, हे विसरू नका. देवनागरी फॉन्टची फाइलही जोडाक्षरांमुळे मोठी असते, प्रत्येक जाडीची वेगळी, तेव्हा चार-चार जाड्या लावल्या तर गावाकडे कमी रेंजमध्ये पान उघडायला वेळ लागतो. आणि साइटच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा, हिंदी नको, कारण आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळा काढला जातो आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आहेत तो भाषा बघूनच योग्य रूप दाखवतो.

होस्टिंग बदलताना डेटाबेसची, म्हणजे साइटचा मजकूर जिथे साठतो त्याची, अक्षरव्यवस्था चुकली तर सगळ्या मराठी मजकुराचे प्रश्नचिन्हं होतात. आणि एकदा तसं साठवलं गेलं की मूळ अक्षरं त्या प्रश्नचिन्हांतून परत येत नाहीत, बॅकअपच लागतो. इंग्रजी साइटवाल्यांना हे लक्षातही येत नाही, त्यांची अक्षरं शाबूत राहतात.

ईमेलबद्दल थोडक्यात, ‘माझंनाव अॅट माझं-डोमेन’ असा पत्ता छान दिसतो पण स्वस्त होस्टिंगबरोबरच्या फुकट ईमेलवरून पाठवलेले मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतात, कारण एकाच सर्व्हरवरून दुसरा कोणीतरी कचरा पाठवत असतो. एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरंच तुमच्या डोमेनकडून आलाय हे दाखवणाऱ्या, दोन नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये नीट लावाव्या लागतात. चांगली ईमेल सेवा वेगळी घेतली तर दरमहा दरमाणशी पैसे, आणि ती घेतलीत की ती मग कायमची.

परदेशात असाल तर तिथला कायदाही बघा. जर्मनीत साइट निव्वळ घरगुती नसेल, जाहिराती असतील, शिकवण्या असतील, तर इंप्रेसुम म्हणजे नाव-पत्त्याचं पान द्यावं लागतं, आणि ज्यांना घरचा पत्ता जगाला दाखवायचा नाही ते पत्ता भाड्याने घेतात. म्युनिकच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलच्या सर्व्हरवरून थेट फॉन्ट लोड केला म्हणून साइटवाल्याला शंभर युरो भरपाई द्यायला लावली होती, म्हणून तिकडचे लोक फॉन्ट स्वतःच्याच होस्टिंगवर ठेवतात.

मग स्वस्तात आणि टिकेल असं काय

जाहिरातींतून खर्च निघेल या आशेवर आकडा मांडू नका. गुगल ॲडसेन्स मराठीला चालतं, पण १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत आणि छोट्या वैयक्तिक साइटला तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

नुसतं लिहायचं असेल तर ब्लॉगर ही गुगलची फुकट सेवा घ्यायची आणि त्याला स्वतःचं डॉट इन जोडायचं, खर्च फक्त डोमेनचा, हजार रुपयांच्या आसपास वर्षाला. धोका एवढाच की जागा गुगलची आहे, उद्या त्यांनी बंद केली तर, आणि मोठ्या कंपन्या बंद करतात, याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट पानांची सेवा बंद केली आणि लाखो लोकांची घरगुती पानं गेली. पण पत्ता तुमचा असल्यामुळे तुम्ही लिखाण उचलून दुसरीकडे नेऊ शकता आणि वाचकांना तोच पत्ता राहतो. ही ताकद डोमेनमध्ये आहे, बाकी सगळं बदलता येतं.

थोडं तांत्रिक शिकायची तयारी असेल तर स्टॅटिक साइट, ज्यात डेटाबेस नाही, प्लगइन नाही, नुसत्या तयार फाइल्स. गिटहब पेजेस नावाच्या सेवेवर ती फुकट ठेवता येते, एक जीबीपर्यंत. हॅक व्हायला त्यात फार काही नसतंच. शिकायला काही शनिवार-रविवार जातात, तो त्याचा खर्च, पण दरवर्षीची डोकेदुखी संपते. मला मनापासून वाटतं की पाचापैकी चार वैयक्तिक साइट्सना एवढंच पुरेल. फुकट प्लॅन घेताना मात्र एक बघा, मर्यादा ओलांडली की साइट थांबते की बिल सुरू होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका साध्या स्टॅटिक साइटवर कोणीतरी मुद्दाम प्रचंड ट्रॅफिक सोडलं आणि फुकट प्लॅनवरच्या मालकाला एक लाख डॉलरच्या वर बिल आलं, गाजावाजा झाल्यावर कंपनीने ते माफ केलं. आता तर एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉटही साइट्सवर सतत फिरत असतात, वाचक दहा आणि बॉट शंभर अशी अवस्था छोट्या साइटचीही होऊ शकते. जिथे मर्यादेला साइट थांबते तीच जागा निवडा, आणि कार्डाचा नंबर मागत नसतील तर अजून बरं.

शेवटी बंद करण्याचा खर्च, जो कोणीच धरत नाही. कंटाळा आला म्हणून डोमेन सोडून दिलं की ते दुसरं कोणी घेतं, आणि जुन्या मराठी साइट्सच्या कित्येक पत्त्यांवर आज जुगाराची पानं दिसतात, कारण त्या पत्त्याला जुन्या लिंक्सचं वजन असतं. त्याहून वाईट म्हणजे त्या डोमेनवर तुमचा ईमेल होता आणि तोच बँकेत, फेसबुकवर, कुठे कुठे दिलेला होता, तर नवीन मालक तोच पत्ता परत तयार करून पासवर्ड बदलायची लिंक मागवू शकतो. म्हणून बंद करायचं ठरलं तरी आधी सगळीकडचा ईमेल बदला, साइट बंद करूनही डोमेन अजून दोन-तीन वर्षं भरत राहा, आणि साइट चालू आहे तोवरच प्रत्येक पानाचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ‘सेव्ह पेज नाऊ’ मध्ये टाकून जपून ठेवा, ते फुकट आहे. आणि घरातल्या एका माणसाला डोमेनचं अकाउंट कुठे आहे, मुदत कधी संपते आणि पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय हे आजच सांगून ठेवा.